सही कुणाचीच नाही

नगराध्यक्षांचं भाषण नुकतंच रंगात आलं होतं, तेवढ्यात मुख्याधिकारीबाईंच्या मुठीतला फोन थरथरला. पुलावरून निरोप आला होता, पाणी पिवळ्या रेघेला लागलं.

बाईंनी आधी वर पाहिलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. मैदानाच्या पायऱ्यांवर अर्धं शहर येऊन बसलं होतं. कुणी डोक्यावर वर्तमानपत्र धरलं होतं, कुणी शेजाऱ्याच्या छत्रीत शिरलं होतं, तेही उन्हासाठी. खाली हिरवळीवर शाळांचे संघ रांगेत उभे होते आणि धावायला कधी मिळतंय म्हणून चुळबुळत होते. अशा वेळी उठून पूर येतोय म्हणणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पण इथे पाऊस पडायची गरजच नव्हती. तो कालपासून वर डोंगरात कोसळत होता आणि नदी ते पाणी घेऊन निघाली होती. अलीकडे हे असंच होऊ लागलं होतं. पूर्वी पाऊस महिनाभर पुरवून पुरवून पडायचा, आता चार दिवसांत सगळा उरकून मोकळा व्हायचा.

आणि हे मैदान मुद्दामच खोल बांधलेलं होतं. एरवी खेळायची जागा, पण नदी फुगली की बांधावरचं गेट उघडायचं, पाणी मैदानात घ्यायचं आणि नदी उतरेपर्यंत तिथेच थांबवायचं, अशी ती योजना होती. आज त्याचं उद्‌घाटन होतं. नदीनं नेमका आजचाच मुहूर्त गाठला होता.

दोन वर्षांपूर्वीचा मोठा पूर बाईंनी पाहिला नव्हता, त्यांची इथे बदली झाली ती त्यानंतर. पण सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर भिंतीला छातीच्या उंचीवर उमटलेला मातीचा पट्टा त्यांनी पाहिला होता. तिथे डायलिसिसचा वॉर्ड होता. त्या दिवशी वीज गेली, पाणी शिरलं, रोग्यांना पाठीवर घेऊन जिने चढावे लागले आणि त्या धावपळीत दोघं दगावली. बांधावरचं गेट तेव्हाही होतं. ते वेळेवर उघडलं असतं तर पाणी शेजारच्या पडीक जागेत गेलं असतं. पण उघडायला सही लागायची. अभियंता मुख्याधिकाऱ्यांच्या सहीसाठी थांबला, तेव्हाचे मुख्याधिकारी अध्यक्षांच्या होकारासाठी थांबले, अध्यक्ष म्हणाले अहवाल येऊ द्या, आणि अहवाल टाइप होईपर्यंत नदीनं स्वतःच काय ते ठरवून टाकलं. पुढे चौकशी झाली. तिच्यात दोषी कुणीच सापडलं नाही. बाईंना सगळ्यात भयंकर वाटलं ते हेच. प्रत्येकानं आपापलं काम नियमानं केलं होतं.

आल्या आल्या त्यांनी जे केलं त्यानं लोक बुचकळ्यात पडले. त्यांनी पर्यावरण कक्ष बंद केला. हा कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक अधिकारी, आणि दरवर्षी झाड लावतानाचा एक फोटो. झाड नवं, खड्डा तोच. बाईंनी त्या अधिकाऱ्याला बांधकाम विभागात नेऊन बसवलं आणि फर्मान काढलं की इथून पुढे रस्ते असोत, पाणी असो, शाळा असोत की दिवाबत्ती, प्रत्येक विभागानं आपल्या प्रत्येक कामात दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. जास्त पाणी आलं तर काय? आणि जास्त ऊन पडलं तर काय? उत्तर नसेल तर प्रस्ताव सभेपुढे जाणार नाही. सुरुवातीला फार चेष्टा झाली. बागेतल्या लोखंडी बाकांचा प्रस्ताव परत आला, कारण उन्हाळ्यात त्या तव्यांवर बसणार कोण, असा शेरा बाईंनी मारला होता. मग पुलाच्या खांबावर त्यांनी पिवळी आणि लाल रेघ मारून घेतली, आणि कार्यालयात त्यांचं नाव रेघबाई पडलं ते पडलंच.

रेघांचा नियम अगदी सोपा होता. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की क्रीडा अधिकाऱ्यानं मैदान रिकामं करायचं. लाल रेघेला लागलं की त्या वेळी कामावर असलेल्या अभियंत्यानं गेट उघडायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही घ्यायची नाही. भर सभेत तो मंजूर झाला. अध्यक्षांनीही हात वर केला, कारण नियमाबरोबर मैदान येत होतं.

आता त्याच मैदानाच्या व्यासपीठावर ते बोलत होते. सगळं शहर त्यांना दादा म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. या मैदानासाठी त्यांनी वरच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवले होते. फक्त माईक हातात आला की त्यांना वेळेचं भान राहत नसे.

बाईंनी क्रीडा अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो व्यासपीठाच्या पायथ्याशी उभा होता. निरोप त्यालाही आला होता. गळ्यातली शिट्टी त्यानं मुठीत धरली होती, पण ओठांशी नेत नव्हता. बाई त्याच्याजवळ गेल्या. तो हळू आवाजात म्हणाला की दादांचं भाषण चालू आहे, मध्येच शिट्टी कशी मारू, निदान टाळ्या तरी होऊ देत.

बाई व्यासपीठावर चढल्या आणि दादांच्या कानाशी वाकल्या. दादांनी माईकवर हात ठेवला, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि दात न उघडता विचारलं, "लाल की पिवळी?"

"पिवळी."

"मग अजून वेळ आहे. मुलांची एक शर्यत होऊ द्या. आभाळ बघा जरा, मॅडम."

"आभाळाकडे बघून चालणार नाही, दादा. लाल रेघ आली की गेट उघडेल. तेव्हा इथे एकही मूल नको."

"उघडेल म्हणजे? तुम्ही सांगितल्याशिवाय कसं उघडेल?"

बाईंनी मान वळवून खाली पाहिलं. क्रीडा अधिकारी वर बघत होता, त्यांच्याकडे नव्हे, दादांकडे. नोकरीत त्याची सोळा वर्षं झाली होती आणि दादांच्या कार्यक्रमात त्यानं आजवर खुर्च्यांच्या रांगासुद्धा विचारून लावल्या होत्या. बाईंना वाटलं आपणच माईक घ्यावा. हात पुढे गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला. आज त्यांनी माईक घेतला असता तर उद्याही त्यांनीच घ्यावा लागला असता, आणि परवा त्या इथे नसत्या.

त्या खाली उतरल्या आणि क्रीडा अधिकाऱ्याला एवढंच म्हणाल्या की तुमच्या दोन्ही मुली तिसऱ्या रांगेत उभ्या आहेत ना?

तो दचकला. मुली तिथेच होत्या, एकीच्या बुटाची नाडी सुटलेली होती. त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि अशी मारली की दादांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग शिक्षकांनी सराव केल्याप्रमाणे रांगा वळवल्या. सराव झाला होता, तो कंटाळत, टिंगल करत झाला होता, पण पायांना वाट ठाऊक होती. पायऱ्यांवर मात्र गोंधळ उडाला. लोक उठेनात, काय झालं म्हणून एकमेकांना विचारू लागले, काहींनी शर्यत का थांबवली म्हणून आरडाओरडा केला. दादा थोडा वेळ माईक धरून तसेच उभे राहिले. मग राजकारणातला मुरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. घसा खाकरून त्यांनी जाहीर केलं की मैदान कसं काम करतं हे नागरिकांना दाखवायचं म्हणूनच आपण सर्वांनी आता शिस्तीनं वर जायचं आहे. लोक हलले. पण उतरताना दादांनी बाईंकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ लावायला शब्दकोश लागत नव्हता. गाडीकडे जाता जाता त्यांनी फोन कानाला लावला.

तो फोन कुणाला असेल हे बाईंनी ओळखलं. पण त्यांना आता दुसरीकडे जायचं होतं.

मैदानाच्या सगळ्यात खालच्या कडेला सुतारांची गल्ली होती. मैदान भरलं की तिथे पाणी शिरणार, कारखान्यांत मांडीएवढं तरी येणार, हे नियम करतानाच माहीत होतं. म्हणून पालिकेनं उंचावर नव्या शेड बांधल्या होत्या. निम्मे सुतार तिकडे गेले होते. निम्मे गेले नव्हते, आणि त्या न गेलेल्यांत पहिलं नाव बाईंच्या धाकट्या भावाचं होतं.

तो या शहरात बाईंच्या आधीपासून होता. इथेच त्यानं कारखाना टाकला, इथेच लग्न केलं. बाईंची बदली इथे झाल्याचं कळलं तेव्हा स्टेशनवर घ्यायला आला होता आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा ताई म्हणून ओरडला होता. नियम झाल्यापासून मात्र दोघांत कुसळ शिरलं होतं. गिऱ्हाईक काय कपाट बघायला टेकडी चढून येणार आहे का, असं तो म्हणायचा. आणि मला बुडवायला परकं कुणी मिळालं नाही, सख्खी बहीण मिळाली, असंही म्हणायचा, बायकोपुढे, जेवताना, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं.

बाई गल्लीत पोचल्या तेव्हा बाकीच्या कारखान्यांतून लोक अवजारं डोक्यावर घेऊन निघाले होते. भाऊ आपल्या दारात उभा होता. आत सागवानी दारांच्या चौकटी छतापर्यंत रचलेल्या होत्या. अजून पॉलिश व्हायचं होतं, लाकूड कोरं होतं, आणि कोऱ्या लाकडाला पुराचं पाणी लागलं की ते कायमचं वाकतं.

बाईंनी त्याला सांगितलं, जेवढं उचलता येईल तेवढं उचलू, मी हात लावते. त्यांनी खांद्यावरची पिशवी बाजूला ठेवली आणि एका चौकटीला हात घातलाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं धरली नाही.

"ताई, हे उचलून होणारं काम नाही. तू फक्त एक फोन कर. तासभर थांबा म्हण. टेम्पो बोलावलाय मी, तासाभरात येतोय."

"माझ्या फोनचा उपयोग नाही. नियमात…"

"नियम मला नको सांगूस. तो म्हातारा अभियंता तुझा शब्द खाली पडू देत नाही, सगळ्या शहराला माहीत आहे." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि वॉर्डात माझी बायको आहे हेही सांगू नकोस. मला माहीत आहे ती तिथे आहे."

त्याची बायको त्याच डायलिसिस वॉर्डात परिचारिका होती. तेव्हाच्या पुरात रोग्यांना जिन्यावरून नेणाऱ्यांत ती होती. वॉर्ड वरच्या मजल्यावर न्यायचं काम चालू होतं, पण यंत्रांना लागणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या अजून वर गेल्या नव्हत्या, त्यामुळे आजही ती तळमजल्यावरच होती. अर्धवट राहिलेली कामं तळमजल्यावरच्या माणसांच्याच वाट्याला येतात, असं तीच एकदा हसत म्हणाली होती.

भावानं हात जोडले. आयुष्यात त्यानं बाईंपुढे कधी हात जोडले नव्हते. लहानपणी मार खाल्ला, पण माफी मागितली नाही असा तो होता. त्याच्या बोटांना फेव्हिकॉल लागून वाळलेला होता, तो पापुद्र्यासारखा सुटत होता. बाईंना त्या हातांकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

तेवढ्यात फोन वाजला.

बांधावरून अभियंता बोलत होता. निवृत्तीला थोडेच महिने उरलेला, काटेकोर, सज्जन माणूस. कार्यालयात त्याला सहीकाका म्हणत, कारण सहीशिवाय तो चहासुद्धा घेणार नाही अशी ख्याती होती.

"मॅडम, पाणी लाल रेघेला लागलं. दादांचा फोन होता. थांबा म्हणाले, मी सांगेपर्यंत हात लावू नका म्हणाले. तुम्ही सांगा, काय करू?"

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. भावालाही तो ऐकू येत होता. बाईंच्या मनात आलं, उघडा म्हणावं. एक शब्द. आणि लगेच हेही मनात आलं, थांबा म्हणावं, तोही एकच शब्द, आणि दोन्ही शब्द जिभेवर सारख्याच वजनाचे आहेत. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपल्याला मोह होणार नाही.

"मी काहीच सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, असं करू नका."

"काका, नियमात माझं नाव आहे?"

"नाही."

"दादांचं?"

"नाही."

"मग कुणाचं आहे?"

मग तो म्हणाला, "त्या वेळी कामावर असलेल्या अभियंत्याचं," आणि फोन बंद झाला.

आता बाईंना काहीच माहीत नव्हतं. तो गेटकडे गेला की दादांना परत फोन लावतोय, की नुसताच डोकं धरून बसलाय? रुग्णालयाची भिंत लाल रेघेपासून फार वर नव्हती. त्यांनी क्रीडा अधिकाऱ्याला फोन लावला. मैदान रिकामं आहे, आपण स्वतः चारी कडा फिरून आलो, असं तो म्हणाला. मग त्या भावासमोर उभ्या राहिल्या आणि दोघंही वाट बघू लागले. एक गेट उघडण्याची, दुसरा न उघडण्याची. मनात त्यांनी एक मर्यादा ठरवली होती, की एवढ्या वेळात काही झालं नाही तर आपण स्वतः बांधावर जायचं, मग नियमाचं काय व्हायचं ते होवो. ती मर्यादा संपत आली. त्यांनी पिशवी उचलली. भाऊ त्यांच्या वाटेत आला नाही, पण वाट सोडूनही उभा राहिला नाही.

आधी वास आला, ओल्या मातीचा आणि सडक्या पाल्याचा. मग मैदानाच्या वरच्या टोकाला, गेटकडून येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी, तपकिरी पाण्याची जीभ बाहेर आली. ती हिरवळीवर पसरायला लागली, रंगवलेल्या धावपट्ट्या एकेक करून पुसत. लोक वरून बघत होते. व्यासपीठाचं कापड काही वेळ तरंगलं आणि मग भिजून खाली बसलं.

"उघडलं त्यानं," भाऊ म्हणाला. जणू कुणी तिसराच माणूस दोघांचंही ऐकेना झाला होता.

पाणी गल्लीत यायला अजून थोडा अवकाश होता. त्या अवकाशात दोघांनी मिळून जेवढ्या चौकटी माळ्यावर टाकता आल्या तेवढ्या टाकल्या. बोलणं फक्त धर, सोड, वर घे, एवढंच. शेवटी पाणी घोट्याशी आलं तेव्हा त्यानं बाईंचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. खालच्या रचलेल्या चौकटी सगळ्या गेल्या.

रुग्णालयाच्या भिंतीशी पाणी आलं, उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. वॉर्डातलं एकही यंत्र बंद पडलं नाही. भावजय पाळी संपवून घरी आली आणि नवऱ्याबरोबर गाळ काढायला बसली. बाईही गेल्या. भावानं त्यांच्याकडे न बघता कोपऱ्यातलं फावडं दाखवलं. त्या राबल्या, जेवायच्या वेळी निघाल्या, कुणी थांब म्हटलं नाही.

पुढच्या सभेत दादांनी ठराव आणला. गेट उघडण्यासाठी अध्यक्ष आणि मुख्याधिकारी अशा दोघांच्या संयुक्त सह्या असाव्यात. लोकांचं नुकसान होतंय आणि जबाबदार कुणीच नाही, ही कसली व्यवस्था, असं ते म्हणाले. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. सहीकाका मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. त्याच्यावर कारवाई व्हावी अशी एक सूचना आधीच येऊन गेली होती. सुतारांच्या गल्लीची बाजू मांडायला दादांनी मुद्दाम बाईंच्या भावाला बोलावलं होतं. बहिणीविरुद्ध भाऊ बोलला की उरलेल्या माना आपोआप डोलतील, हा त्यांचा हिशेब होता.

भाऊ उभा राहिला. त्यानं आपलं काय काय गेलं ते सांगितलं. नव्या शेडकडे जाणारा रस्ता अजून कच्चा आहे, तिथे टेम्पो चढत नाही, म्हणून आम्ही गेलो नाही, हे सांगितलं. पिवळ्या रेघेची शिट्टी मैदानात वाजली, आमच्या गल्लीत वाजली नाही, हेही सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि त्यातली एकही त्यांच्या नियमात नव्हती.

मग दादांनी विचारलं, म्हणजे सह्या हव्यात ना?

भाऊ दादांकडे वळला.

"सही ज्याच्या हातात, त्याच्या दारात आम्ही जाऊन बसणार," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ताईपुढे हात जोडले. तिच्याकडे सही असती तर तिनं थांबवलं असतं की नाही, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल, विचारा. आणि दादा, तुमचेही भाऊ, मेव्हणे गावभर आहेत. माझी बायको त्या वॉर्डात असते. तिचा जीव मला कुणाच्या सहीवर ठेवायचा नाही, माझ्या बहिणीच्याही नाही. आमची गल्ली आधी वर न्या. नीट रस्ता करून न्या. सहीचं काढू नका."

तो बसला. बाईंकडे त्यानं पाहिलं नाही. बाईंनीही मान वर केली नाही, कारण तिलाही माहीत नसेल हे त्यानं भर सभेत म्हटलं होतं आणि ते शब्दाला शब्द खरं होतं.

दादा कसलेले होते. त्यांनी सभागृहाचा कल ओळखला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की मी तरी दुसरं काय म्हणत होतो. ठराव बदलला गेला. सह्यांचा भाग गळाला. शेडचा रस्ता आणि गल्लीतला भोंगा बांधकाम विभागाच्या त्याच वर्षीच्या कामांत घालायचं ठरलं, आणि रस्ता पूर्ण होईपर्यंत पावसाळ्यात पालिकेचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा ठेवायचं ठरलं. सहीकाकावरची कारवाईची सूचना कुणीच परत उचलली नाही. सभा संपल्यावर तो बाईंजवळ आला आणि म्हणाला की त्या दिवशी गेटचं चाक आपण आधी दोनदा उलटंच फिरवलं. मग स्वतःशीच हसला आणि गेला.

दुसऱ्या वर्षी बाईंची बदली झाली. दूरच्या एका शहरात, जिथे नदी नव्हती आणि उन्हाळा मात्र जीव घेणारा होता. निघायच्या आधी त्या भावाकडे गेल्या. गल्ली तोवर टेकडीवर गेली होती. त्यानं चहा दिला, स्टुलावरचा भुसा हातानं झाडून बसायला दिलं, आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. स्टेशनवर पोचवायला भावजय आली होती.

नव्या जागी पहिल्या दिवसापासून कामाचा रगाडा होता. मागच्या शहराची बातमी कानावर यायची ती वर्तमानपत्रातून, तीही क्वचित. नवे मुख्याधिकारी कडक आहेत असं कुणी म्हणे, दादांचे खास आहेत असं दुसरं कुणी म्हणे. कधी कधी झोप लागायच्या आधी बाईंना तो बांध दिसायचा आणि वाटायचं, आपण गेलो, आता तिथे कोण काय करत असेल.

पावसाळा सरता सरता एका दुपारी त्या बैठकीत होत्या, तेव्हा भावाचा फोन आला. तो कधी करत नसे. त्या घाबरून बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, वहिनी बरी आहे ना?

"बरी आहे. सगळे बरे आहेत." तो थोडा अडखळला. "पाणी आलं होतं. गेल्या आठवड्यात. त्या वेळेपेक्षाही जास्त होतं म्हणतात. गेट उघडलं, मैदान भरलं, उतरलं. तुला कुणी कळवलं नाही?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या.

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. मैदानात पाणी शिरताना त्यांची आठवण कुणालाही झाली नव्हती. आणि याचसाठी आपण एवढा आटापिटा केला होता, हेही त्यांना त्याच क्षणी कळत होतं. दाराआड बैठकीतला कुणीतरी मोठ्यानं विचारत होता की शाळेच्या छतावर पांढरा रंग देण्याचं काम नेमकं कोणत्या विभागाचं.

"कुणी उघडलं?" त्यांनी भावाला विचारलं.

"काय माहीत. जो होता त्यानं." मग जरा थांबून तो म्हणाला, "ताई, जेवलीस का?"